चेंबरात अडकणारं काडतूस: .२२ रिव्हॉल्व्हरची घरगुती सफाई, आणि थांबायचं कुठे

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि माझं .२२ चं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. ते परत मिळालं जूनमध्ये, निकाल लागल्यावर. तोवर आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाऊस धरला होता. ज्या फडक्यात गुंडाळून दिलं त्याच फडक्यात परत आलं, पण फडकं दमट झालं होतं. वरून पाहता नळीला काही झालं नव्हतं. मी तेलाचा हात फिरवला आणि पुढच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो.

पहिली सहा काडतुसं आत गेली, सहाही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या पितळी खोळी, सरळ बाहेर आल्या. दुसऱ्या फेरीला तीन काडतुसं अंगठ्याने रेटावी लागली. तिसऱ्या फेरीत एक काडतूस जवळपास पूर्ण गेलं, पण त्याची कड सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या, पाठीपासून जराशी वर राहिली. मी सिलिंडर मिटवला, चाप ओढला, घोडा पडला, बार उडाला नाही. सिलिंडर फिरून पुन्हा पाळी आल्यावर तेच काडतूस उडालं. नंतर पुंगळी काढताना ती बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या दांडीवर तळहात दाबून दाबून लाल झाला.

घरी आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो बारीक पॉलिश पेपरचा. काडीला गुंडाळावा, चेंबरातून, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकातून, फिरवावा, काम झालं. नशिबाने त्याआधी मी आमच्या भागातल्या जुन्या मेस्तांकडे गेलो. बंदुकांच्या कामात त्यांची पन्नास वर्षं गेली आहेत. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "आदीं पळय रे बाबा, मागीर हात लाय." आधी बघ, मग हात लाव. हा लेख त्या एका वाक्यावर उभा आहे. चेंबर अडकण्याची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. बहुतेक वेळा दोष घाणीचा असतो. घाण पुन्हा पुन्हा काढता येते, पण घासलेलं पोलाद परत आणता येत नाही.

रिमफायरच का अडकतं

.२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस, म्हणजे पेटवणारा मसाला कडेत असलेलं, १८८७ चं, आणि त्याची मूळ कल्पना त्याहून जुनी, १८५७ च्या .२२ शॉर्टची. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे यातली शिशाची गोळी पुंगळीइतकीच जाड असते. गोळीचा मागचा भाग थोडा बारीक करून तेवढाच पुंगळीत खोचलेला असतो. आजच्या बहुतेक मोठ्या काडतुसांत गोळी पुंगळीच्या आत बसते. .२२ मध्ये तसं नाही, त्यामुळे गोळीला लावलेलं मेण किंवा चरबी बाहेरच राहते. काडतूस हातात घेतलं की बोटाला चिकट लागतं ते हेच.

आता चेंबरात काय होतं ते पाहा. पुंगळीची लांबी सुमारे १५.६ मिमी. तिचं तोंड जिथे संपतं तिथून पुढे चेंबर किंचित आवळतं, आणि गोळी त्या आवळलेल्या भागात बसते. प्रत्येक बाराला त्याच जागी दारूची काजळी, वितळलेलं मेण आणि शिशाची भुकटी यांचा थर बसतो. गोळी मुळातच पुंगळीइतकी जाड, त्यामुळे त्या थराला चुकवून जायला तिला जागा उरत नाही. म्हणून काडतूस शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला अडतं.

शॉर्ट काडतुसं वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. शॉर्टची पुंगळी १०.७ मिमीची, म्हणजे जवळपास पाच मिलिमीटर आखूड. तिची काजळी चेंबराच्या मधोमध कडं करून बसते आणि त्यानंतर लाँग रायफल घातलं की ते त्या कड्यावर अडतं.

दुसरी गोष्ट पेटवणाऱ्या मसाल्याची. रिमफायरमध्ये तो पुंगळीच्या कडेच्या आत, गोल फिरवून भरलेला असतो, आणि घर्षण व्हावं म्हणून त्यात बहुधा काचेची बारीक पूडही असते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, या काडतुसाची राख खरखरीत असते. दुसरी जिवाची आहे: अडलेलं काडतूस कडेवर ठोकून कधीही आत बसवू नका. स्क्रू ड्रायव्हरने नाही, किल्लीने नाही, दुसऱ्या काडतुसाच्या टोकानेही नाही. ज्या जागी ठोकाल तिथेच मसाला आहे, आणि सिलिंडर उघडा असताना पुंगळीला मागून कसलाही आधार नसतो.

हात लावण्याआधीची पाहणी

रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडर उघडून चेंबरं मोजा, नजरेने आणि मग बोटाने. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. घरी काम करताना त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको, "बसतंय का बघू" म्हणूनही नको. बसवून बघायचं असेल तर त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात. खरी परीक्षा रेंजवर.

मग मार्करने सिलिंडरच्या बाहेर प्रत्येक चेंबराजवळ आकडा घाला, एक ते सहा, किंवा आठ-दहा चेंबरं असतील तर तितके. ही शाई स्पिरिटने पुसता येते. सफाईच्या आधी रेंजवर एक फेरी याच कामासाठी खर्च करा आणि कोणत्या नंबरला काय झालं ते वहीत लिहा. मला विचाराल तर सगळ्या कामात हा तास सर्वांत मोलाचा आहे.

लिहिताना घालणं आणि काढणं हे दोन वेगळे रकाने ठेवा. काडतूस घालताना अडतं आणि उडाल्यावर पुंगळी मात्र सहज निघते, असं असेल तर पुढच्या भागात थर साचला आहे. बारासरशी गोळी निघून जाते आणि म्हणून पुंगळी सुटते. काडतूस लोण्यासारखं आत जातं पण पुंगळी निघायला कुरकुरते, असं असेल तर चेंबराची भिंत खडबडीत आहे, किंवा काडतूस जास्त जोराचं आहे. बारासरशी पातळ पितळ फुगून भिंतीला चिकटतं आणि दाब उतरल्यावर थोडं आत ओढलं जातं. भिंत गुळगुळीत असेल तर ते सुटतं. गंजाचे खड्डे असतील तर पितळ त्यांत शिरतं आणि धरून राहतं.

सगळी चेंबरं सारखीच अडतात की एकच? सगळी सारखी अडत असतील तर घाण किंवा काडतुसं, आणि पहिल्या फेरीला ठीक असून तिसऱ्या फेरीला आवळत असतील तर नक्की घाण. एकच चेंबर, पहिल्याच फेरीला, सफाईनंतरही अडत असेल तर तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, उठली आहे किंवा खड्डा आहे.

काडतुसं बदलून पाहा. साध्या वेगाची .२२ साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंदाने जाते, जलद म्हणून विकतात ती ३७५ च्या आसपास. माझ्या रिव्हॉल्व्हरला साध्या वेगाची, कमी मेणाची काडतुसं मानवतात. नेमबाजीसाठी घेतलेली जास्त मेणाची काडतुसं अचूक जातात, पण रिव्हॉल्व्हरच्या सहाही चेंबरांत तेच मेण साचत जातं. परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकी असतात, हे खरं. तरी दोन प्रकारची दहा-दहा मिळाली तर करून पाहा. पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं.

आता पुंगळ्या. त्या फेकू नका, नंबराप्रमाणे कागदाच्या पुड्यांत ठेवा. घालण्याआधी काडतुसाच्या मागच्या तोंडावर, वरच्या बाजूला, मार्करचा ठिपका द्या, म्हणजे पुंगळी कशी बसली होती ते नंतर कळतं. भिंगाखाली पुंगळी चेंबराचा आरसा असते. लांबीच्या दिशेने सरळ ओरखडा असेल आणि तो त्याच चेंबरातल्या प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी येत असेल तर तोंडाशी बर आहे. बारीक उंचवटे, जणू पितळेवर घामोळं आलं आहे, असं दिसलं तर भिंतीवर गंजाचे खड्डे आहेत. कडेजवळ फुगवटा असेल तर चेंबर मागे सैल आहे किंवा काडतूस पुरतं बसलं नव्हतं. अशा रिव्हॉल्व्हरने पुढे बार काढू नयेत, ते थेट गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्यावं.

माझ्या सहाही चेंबरांत थर होता, आणि चौथ्यात वर घामोळंही होतं. दमट फडक्याची ती करणी.

शेवटी उजेड. सिलिंडर काढून पांढऱ्या कागदासमोर धरा, पुढून टॉर्च मारा आणि मागून बघा. आवळलेल्या भागाशी मंद काळं कडं दिसलं तर काजळी. राखाडी चकाकी दिसली तर शिसं. तांबूस-तपकिरी ठिपके म्हणजे गंज.

सामान

.२२ चा ब्राँझचा ब्रश, नवा. जुना झिजलेला ब्रश चेंबरात नुसता गुदगुल्या करतो. चेंबर नळीपेक्षा किंचित मोठं असल्याने काहींना ६ मिमीचा ब्रश बरा वाटतो, पण तो जबरदस्तीने घालू नये. पोलादी तारांचा ब्रश नको. एकसंध गज, शक्यतो प्लास्टिकचं आवरण असलेला. जुन्या सुती बनियनचे चौकोनी तुकडे, भरपूर. कापसाच्या काड्या, बांबूच्या टोकदार काड्या, भिंग, टॉर्च. नायट्राइलचे हातमोजे.

सॉल्व्हंट बंदुकीचं मिळालं तर उत्तम. हॉपेज नंबर ९ किंवा बॅलिस्टॉल, दोन्ही शंभर वर्षांहून जुनी आणि पारखलेली आहेत. नाही मिळालं तर घासलेट चालतं, किंवा रंगवाल्याकडचं टर्पेंटाइन. निकेलचा मुलामा असलेल्या सिलिंडरला अमोनिया असलेलं काही लावू नका, मुलाम्याखाली तांबं असेल तर ते खातं. शेवटच्या हातासाठी शिवणयंत्राचं पातळ तेल पुरतं. खोबरेल मात्र नको. आपल्याकडे कोयत्यापासून कुलपापर्यंत सगळ्यांना खोबरेल लागतं, पण ते हळूहळू चिकट होतं, खवट होतं, आणि आपण ज्याला घालवू पाहतो त्याच थराला खत घालतं.

चिंच आणि आमसूल यांनी देवाची पितळी भांडी लख्ख होतात म्हणून कुणी सिलिंडरला लावायला सांगेल. आम्लाने पोलादावरचा निळा थर उडतो आणि पहिल्या पावसात गंज येतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकत्र करून शिसं विरघळवायचा उपाय तर हातीच धरू नका. शिसं विरघळतं खरं, पण उरतं ते विषारी पाणी.

विषाचं निघालंच आहे तर सांगतो: या काजळीत शिसं असतं, गोळीचं आणि मसाल्याचंही. जेवणाच्या टेबलावर, ओट्यावर हे काम नको. पडवीत, वाऱ्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर बसा. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. समई, चूल, विडी-सिगरेट दूर. झाल्यावर आधी थंड पाण्याने आणि साबणाने हात, मग चहा.

सफाई

सिलिंडर बाजूला उघडणारं रिव्हॉल्व्हर असेल तर बऱ्याचदा पुढचा एकच स्क्रू सोडवून सिलिंडर त्याच्या आर्मसकट बाहेर येतो. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच फाटते. बाजूची पाटी उघडायची काहीही गरज नाही. जुन्या पद्धतीचं, मागच्या झडपेतून एकेक काडतूस घालायचं असेल तर झडप उघडून, घोडा त्या बनावटीला लागेल त्या स्थितीत ठेवून मधली पिन ओढली की सिलिंडर हातात येतो. लाकडी मूठ काढून ठेवा, सॉल्व्हंटने तिचं पॉलिश जातं. सिलिंडर काढायची धास्ती वाटली तर काढू नका. उघड्या सिलिंडरखाली जाड फडकं धरून सगळं जमतं, वेळ थोडा जास्त लागतो.

सुटा सिलिंडर काचेच्या बरणीत उभा ठेवा आणि चेंबरं बुडतील इतकं सॉल्व्हंट ओता. अर्धा तास. थर जुना असेल तर रात्रभर. घाईत ब्रश घालणारे इथेच चुकतात. भिजलेला थर ब्रशच्या दहा फेऱ्यांत निघतो, कोरडा थर शंभर फेऱ्यांतही नुसता गुळगुळीत होतो.

मग एकेक चेंबर. ब्रश ओला करून मागून पुढे न्या, पूर्ण बाहेर पडू द्या, आणि मग परत ओढा. मध्येच दिशा बदलली की तारा वाकतात आणि ब्रश अडकतो. अशा दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की ब्रश नेमका आवळलेल्या भागाशी थांबवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाच-सहा वेळा फिरवा. उलट फिरवलात तर ब्रश गजावरून सुटून आत राहील. पुढे-मागे घासण्यापेक्षा या फिरवण्यानेच कडं तुटतं, कारण कडं आडवं बसलेलं असतं. ब्रश ड्रिलला लावून फिरवणारे आहेत. मी लावत नाही आणि लावू नका असं सांगेन. हाताला कळतं की आता खर लागत नाही, ड्रिलला ते कळत नाही.

कोरडी चिंधी घाला. काळी येईल. पुन्हा ओली, पुन्हा कोरडी. चिंधी राखाडी यायला लागली की टॉर्च घेऊन परत बघा.

राखाडी चकाकी तशीच असेल तर शिसं राहिलं आहे. त्यासाठी तांब्याच्या तारेची भांडी घासायची घासणी घ्या, पण तिला आधी लोहचुंबक लावून पाहा. चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आहे आणि वर नुसता तांब्याचा मुलामा. तशी घासणी चेंबरात घालायची नाही. खऱ्या तांब्याचे दोन-चार धागे कापून जुन्या ब्रशभोवती गुंडाळा आणि सॉल्व्हंटसह त्याच दिशेने फिरवा. तांबं शिशापेक्षा कठीण, पोलादापेक्षा मऊ. शिशाची पापुद्र्यासारखी चकती चिंधीवर निघून आली की कळतं, काडतूस अडत होतं ते कशाला.

डाग उरले तर नळीसाठी मिळणारी मऊ सफाई पेस्ट चिंधीला लावून प्रत्येक चेंबरात हाताने दहा-बारा वेळा फिरवायला हरकत नाही. तेवढ्याने माप बदलत नाही, वरची झळाळी येते. मग पेस्टचा कणही राहणार नाही असं सॉल्व्हंटने धुवा. कापडी पॉलिश पेपर, एमरी, व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट, यांतलं काहीही नाही.

चांदणीखाली

बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये इजेक्टरची चांदणी, म्हणजे पुंगळ्यांच्या कडा उचलणारी चांदणीच्या आकाराची चकती, बाहेर ढकला आणि तिच्या खालची बाजू पाहा. न जळलेल्या दारूचे दोन-तीन दाणे तिथे अडकले की चांदणी पुरती बसत नाही, तिच्यावरच्या काडतुसांच्या कडा वर राहतात, आणि सिलिंडर फिरताना जड जातो. चेंबर आवळलं आहे असं समजून लोक दिवसभर चेंबर घासतात. दात घासायचा जुना ब्रश, सॉल्व्हंट, आणि नंतर कोरडं फडकं. तेल इथे जवळजवळ नकोच, ते दाणे धरून ठेवतं. पुंगळ्या पाडताना नळी वर आणि सिलिंडरची पाठ खाली ठेवली तर दाणे पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. नळी खाली असेल तर ते चांदणीखाली शिरतात.

काही बनावटींत कडेसाठी चेंबराच्या मागे खळगा असतो. त्या खळग्याचा कोपरा बांबूच्या काडीने कोरून काढा, ब्रश तिथे पोहोचत नाही. इजेक्टरची दांडी बोटांनी हलवून पाहा. ती सैल झाली असेल तरी सिलिंडर अडतो. मात्र काही स्मिथ अँड वेसनमध्ये तिचे आटे उलटे असतात, तेव्हा पक्कड लावण्याआधी आपल्या बनावटीची माहिती काढा.

घोडा रिकामा पाडल्याची खूण

आता सफाईने न सुटणारं एक कारण. मोठ्या काडतुसात घोड्याची पिन मधोमध आपटते. रिमफायरमध्ये ती कडेवर आपटते, आणि चेंबर रिकामं असेल तर पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत तिच्यासमोर येतो थेट चेंबराचा काठ. सरावासाठी म्हणून रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा शे-दोनशे वेळा पाडला तर त्या जागी काठाला ठोका बसतो आणि पोलाद आत वळतं. ती बर केसाएवढी असते, पण .२२ काडतुसाचा व्यास जेमतेम ५.७ मिमी, आणि चेंबर त्याहून किती मोठं हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. केसाएवढी बर तिथे डोंगराएवढी ठरते.

शोधायची युक्ती सोपी आहे. कापसाची काडी चेंबराच्या तोंडाशी आतून गोल फिरवा. कापसाचा तंतू एकाच जागी अडकला, आणि ती जागा पिन पडते तीच असेल, तर निदान झालं.

ही बर कानशीने काढायची नसते. पोलाद गेलेलं नाही, फक्त सरकलं आहे. गनस्मिथकडे चेंबराच्या मापाची गुळगुळीत, कठीण दांडी असते. ती आत घालून बर परत भिंतीत दाबली जाते. पाच मिनिटांचं काम, पण हात जाणता हवा. कानशीने काढलीत तर तिथे कायमची खाच राहते. पातळ पितळेला त्या जागी आधार मिळत नाही आणि पुंगळी तिथे फुगते किंवा फाटते. फाटली की तप्त वायू मागे, आपल्या तोंडाच्या दिशेने येतो. सराव करायचाच असेल तर खोटी काडतुसं घाला.

थांबायची जागा

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रं बनवणं, विकणं, त्यांत बदल करणं आणि दुरुस्ती करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडचा शस्त्र बाळगायचा परवाना त्यासाठी नाही. सफाई आणि तेलपाणी हे प्रत्येक मालकाचं कामच आहे. चेंबरात रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) फिरवणं, होन (घासायचा बारीक दगड) लावणं, बर दाबणं, खड्डे घासून काढणं हे दुरुस्तीत येतं आणि ते परवानाधारक गनस्मिथचं. कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच म्हटलं असतं. चेंबर किंचित मोठं झालं की पुंगळी जास्त फुगते, आणि जास्त फुगलेली पुंगळी आधीपेक्षा घट्ट अडकते. अडकतं म्हणून घासायचं आणि घासलं म्हणून अडकायचं, या फेऱ्यात गेलेला सिलिंडर शेवटी बदलावाच लागतो, आणि जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर आज गोव्यात कुठून आणणार?

गनस्मिथकडे नेताना रिव्हॉल्व्हर रिकामं, परवाना बरोबर, आणि ठेवून यायचं असेल तर नंबरासह पावती. पुंगळ्यांच्या नंबर घातलेल्या पुड्याही न्या. माझ्या पुड्या मेस्तांनी भिंगाखाली एकेक करून पाहिल्या आणि चौथ्या चेंबराला हात लावायचा नाही असं ठरवलं. खड्डे उथळ होते. घासून काढले असते तर चेंबर मोठं झालं असतं. साध्या वेगाची काडतुसं वापर आणि चौथं जास्त वेळा पूस, असं म्हणाले. आज दोन वर्षं होत आली, तेवढ्यानेच चाललं आहे.

पुन्हा रेंजवर

निघण्यापूर्वी प्रत्येक चेंबरातून कोरडी चिंधी फिरवा. चेंबरात तेल राहिलं तर पुंगळीची भिंतीवरची पकड सुटते आणि सगळा जोर मागे, सिलिंडरच्या पाठीमागच्या पोलादावर जातो. तेल पुंगळीच्या तोंडातून आत, मसाल्यापर्यंत झिरपलं तर बार फुकट जातो. काडतुसांना तेल चोळून ती सहज घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

काडतूस अंगठ्याच्या हलक्या दाबाने पूर्ण बसलं पाहिजे. नाही बसलं तर ते बाहेर काढा, चेंबर पुसा, पुन्हा घाला. कड वर राहिलेल्या काडतुसावर पिनचा अर्धा जोर ते आत ढकलण्यात जातो, म्हणून माझा पहिला बार उडाला नव्हता. बार न उडाल्यास नळी निशाण्याकडेच धरून मनात तीस मोजा, मगच सिलिंडर उघडा. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित भेटतं, पण एकदाच भेटलेलं पुरेसं असतं. त्या दिवशी मी तीस मोजले नव्हते. लगेच पुन्हा चाप ओढला, ती चूक होती.

दर पन्नास बारांनी, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून, कोरडा ब्रश प्रत्येक चेंबरातून पाच वेळा फिरवायची सवय लावली की रात्रभर भिजत घालायची वेळ वर्षातून एखादीच येते.

गोव्यातला पावसाळा

जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापड सादळतात, पुस्तकांना बुरशी येते, चामड्याच्या चपला हिरव्या होतात. त्याच चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवणं म्हणजे ओल्या पिशवीत ठेवणं. म्यान नेण्या-आणण्यापुरतं. ठेवायचं ते कोरड्या सुती फडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि डबा कुलपाच्या कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात. जेलचा रंग बदलला की पुडी तापवून वाळवा. किनारपट्टीला, कळंगुट-कोलव्याकडे राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचाही जाच आहे. तिथे पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, आमच्याकडे आत महिन्याने, चेंबरातून तेलाची चिंधी फिरली पाहिजे. तेलाचा थर इतका पातळ असावा की बोटाला लागेल, पण ओघळणार नाही.

आणि पुन्हा निवडणूक येईल, पुन्हा जमा करावं लागेल. यंदा मी तयारी करून ठेवली आहे. जमा करायच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण सफाई, चेंबरात आणि नळीत नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात, त्यावर गंजरोधक कागदाची गुंडाळी, मग प्लास्टिकची पिशवी आणि आत जेलच्या दोन पुड्या. बाहेर चिठ्ठी: रिव्हॉल्व्हर रिकामं, चेंबरात तेल. सहाही चेंबरांचे टॉर्चच्या उजेडात फोटो तारखेसह काढून ठेवायचे, आणि पावतीवरचा नंबर रिव्हॉल्व्हरवरच्या नंबराशी तिथेच, खिडकीसमोर उभं राहून ताडून घ्यायचा. परत मिळालं की पिशवी घरी आणून त्याच दिवशी उघडायची, तेल पुसायचं, आणि फोटो शेजारी ठेवून चौथ्या चेंबरात टॉर्च मारायची.